सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि रणांगणावरचे रक्त

व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या मनात डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हणजे चीनमध्ये जाऊन प्लेगशी झुंजलेले डॉक्टर, असेच चित्र पक्के बसलेले असते. चित्रपटाला नाट्य लागते, ते साथीच्या रोगातून मिळाले. प्रत्यक्षात कोटणीसांच्या टेबलावर रोज जे येत होते ते वेगळे होते. गोळ्या, बॉम्बचे तुकडे, चिरडलेले पाय, फुटलेली पोटे, कुजू लागलेल्या जखमा आणि या सगळ्याच्या आधी, रुग्ण टेबलापर्यंत पोचण्यापूर्वीच त्याला संपवणारा रक्तस्राव. पडद्यावर हे तितकेसे शोभून दिसत नाही. पण कोटणीसांचे मोठेपण शोधायचे तर तिथेच शोधावे लागते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. गाव गिरण्यांचे आणि राजकीयदृष्ट्या जागे. १९३०च्या मे महिन्यात इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिले. त्या वेळी द्वारकानाथ विशीत होते. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात, म्हणजे केईएम रुग्णालयात घेतले. हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले तेच मुळी अध्यापक भारतीयच असतील या आग्रहाने. आज हे वाचताना विशेष वाटत नाही, पण वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याच्या त्या काळात परळच्या त्या वास्तूत शिकणाऱ्या मुलावर याचा काहीच परिणाम झाला नसेल असे म्हणणे कठीण आहे.

पदवी झाली, पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. नेहमीच्या वाटेने गेले असते तर मुंबईत किंवा सोलापुरात दवाखाना थाटून ते सुखाने जगले असते. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. प्रमुख डॉ. मदन अटल, उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी या पाच जणांनी मुंबई बंदर सोडले. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. वर्षभराने परत यायचे, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

चीनमध्ये उतरल्यावर पहिले काही महिने फिरण्यातच गेले. शहरामागून शहर जपानी फौजांच्या हाती पडत होते आणि पथक आत आत सरकत होते. याच काळात सोलापूरहून वडील वारल्याची बातमी आली. सोबतच्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. कोटणीस थांबले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्येकडच्या येनानला पोचले. डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये तिथली वस्ती होती, रुग्णालयही गुहांमध्येच. चिनी लोकांनी या डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे ‘हुआ’ अक्षर जोडले. कोटणीसांचे झाले के दीहुआ.

इथे थोडे थांबून त्या काळी जखमी माणसाला रक्त देण्याची विद्या कुठवर आली होती ते पाहिले पाहिजे, कारण कोटणीसांच्या पुढच्या आयुष्याचा धागा त्यातच आहे.

रक्ताचे गट असतात हे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले. १९१४ मध्ये बेल्जियम आणि अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी सोडियम सायट्रेट घातले की बाटलीतले रक्त गोठत नाही हे सिद्ध केले. तोवर दात्याची रक्तवाहिनी जवळजवळ थेट रुग्णाला जोडावी लागे. पहिल्या महायुद्धात ओसवाल्ड रॉबर्टसन या डॉक्टरांनी आघाडीजवळ बर्फात रक्ताच्या बाटल्या साठवून दाखवल्या. शांतता आली आणि बरेचसे विसरले गेले. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद माद्रिदला गेले. जखमी सैनिक रुग्णालयात येईपर्यंत रक्तस्रावाने मरतात, तेव्हा रुग्णाने रक्ताकडे येण्याऐवजी रक्तानेच रुग्णाकडे गेले पाहिजे, एवढा साधा विचार त्यांनी केला. शहरातल्या दात्यांकडून रक्त घ्यायचे, शीतकपाटात ठेवायचे आणि गाडीतून आघाडीवर न्यायचे, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. डॉ. अटल हेही स्पेनमध्ये काम करून आलेले होते, म्हणजे भारतीय पथकाला या अनुभवाची ओळख होती.

१९३८ मध्ये बेथ्यून चीनला आले. तिथे गाडी नव्हती, वीज नव्हती, शीतकपाट तर नव्हतेच. मग त्यांनी शस्त्रक्रियेचे साहित्य खेचराच्या पाठीवर बसेल अशा पेटाऱ्यांमध्ये भरले, आघाडीपासून काही किलोमीटरवर एखाद्या देवळात टेबल मांडायला सुरुवात केली, आणि रक्तासाठी गावकऱ्यांचे स्वयंसेवक दल उभारले. रक्ताची बाटली ठेवता येत नसेल तर रक्त असलेला माणूस हाताशी ठेवायचा. आज याला चालती-बोलती रक्तपेढी म्हणतात. रक्त दिल्याने माणूस खंगतो अशी समजूत तिकडेही होती. ती मोडण्यासाठी बेथ्यून यांनी स्वतःचे रक्त सर्वांसमोर दिले. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन ते गेले. पेनिसिलीन अजून बाजारात यायचे होते.

त्याच सुमारास कोटणीस, बसू आणि अटल येनान सोडून पूर्वेकडच्या युद्धक्षेत्राकडे निघाले. चोळकर आणि मुखर्जी तोवर मायदेशी परतले होते, पुढे अटल यांनाही आजारपणामुळे परतावे लागले. चोळकर वयाने पथकात सर्वांत मोठे होते. त्यांना कोणी बोल लावू नये. ठरलेली मुदत पुरी करून गेलेली ही माणसे होती. पण त्यामुळे कोटणीस आणि बसू यांचे राहणे अधिक उठून दिसते. १९४० मध्ये हे दोघे शानशी-चाहार-होपेई सीमाप्रदेशात, म्हणजे जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलखात पोचले. बेथ्यून यांची समाधी तिथेच होती. त्यांची आणि कोटणीसांची भेट कधीच झाली नाही.

१९४०च्या ऑगस्टमध्ये चिनी आठव्या सेनेने ‘शंभर रेजिमेंट’ म्हणून ओळखली जाणारी मोठी मोहीम उघडली. कोटणीस आणि बसू यांना वेगवेगळ्या विभागांत नेमले गेले. एका लढाईत कोटणीसांनी झोप न घेता ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे, आणि त्या काळात त्यांच्या हाताखालून गेलेल्या जखमींचा आकडा ८००च्या वर आहे. तीन दिवस न झोपता केलेल्या कामाचे कौतुक करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. एवढ्या जखमींमध्ये आधी कोणाला घ्यायचे हे ठरवणे हेच सर्वांत कठीण काम असते. ओरडणारा आधी घ्यावासा वाटतो. मात्र ज्याचे बरेच रक्त गेले आहे तो ओरडत नाही. तो अस्वस्थ होतो, मग गप्प होतो. हातपाय गार पडतात, कातडी ओलसर लागते, नाडी जलद आणि बारीक होते.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. पाऊण लिटरपर्यंत गेले तर शरीर सांभाळून घेते. दीड लिटरच्या आसपास रक्तदाब कोसळू लागतो. दोन लिटरच्या पुढे गेले आणि भरपाई झाली नाही तर जगण्याची आशा फार कमी. जांघेतली मोठी धमनी तुटली तर हा सगळा प्रवास काही मिनिटांत संपतो. म्हणून पहिला उपचार नेहमी एकच, रक्त जिथून वाहते आहे तिथे दाबणे. स्वच्छ कापडाने, पूर्ण जोर लावून, मध्येच उचलून न पाहता. हातापायातून उसळणारे रक्त दाबून थांबत नसेल तर जखमेच्या वर घट्ट पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची. कोटणीसांच्या हाती यापेक्षा फारसे वेगळे साधन नव्हते. बाकी सारे अवलंबून होते ते शस्त्रक्रियेचे टेबल जखमीच्या किती जवळ आहे यावर.

कोटणीसांनंतरच्या ऐंशी वर्षांत वैद्यकशास्त्राने या प्रश्नावर जे केले त्याचा इतिहास सरळ नाही, वळसा घालून मूळ जागी आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करून आणि वाळवून आघाडीवर पाठवला गेला. न्यायला सोपा, गटाची फारशी अडचण नाही. पण नुसत्या प्लाझ्माने भागत नाही, प्राणवायू वाहणाऱ्या लाल पेशी लागतात, हे अमेरिकन शल्यविशारदांना उत्तर आफ्रिकेत १९४३ मध्ये कळले आणि संपूर्ण रक्ताचा पुरवठा सुरू झाला. नंतर रक्तपेढ्यांनी रक्ताचे घटक वेगळे करायला सुरुवात केली. एका दात्याचे रक्त तिघांना उपयोगी पडू लागले, हा मोठाच फायदा होता. मात्र अपघातातल्या रुग्णाचे त्यात नुकसान झाले. त्याला आधी भरपूर सलाईन, मग लाल पेशी आणि प्लाझ्मा, प्लेटलेट सर्वांत शेवटी, असा क्रम रूढ झाला. सलाईनने रक्तदाब वर जातो, डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनाही बरे वाटते. पण सलाईन प्राणवायू वाहत नाही आणि ते गोठतही नाही. उलट उरलेले रक्त पातळ होते, अंग गार पडते आणि दाब वाढल्याने कशीबशी धरलेली गुठळी सुटते.

१९९४ मध्ये ह्यूस्टन शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडाला गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियागृहात नेईपर्यंत सलाईन दिले नाही त्यांच्यातले ७० टक्के वाचले, ज्यांना लगेच दिले त्यांच्यातले ६२ टक्के. तेव्हापासून शहाणपण बदलत गेले. रक्त थांबेपर्यंत रक्तदाब थोडा कमीच राहू द्यायचा. डोक्याला मार असेल तर मात्र नाही, कारण मेंदूला दाब लागतो. अंग गार पडणे, रक्तातले आम्ल वाढणे आणि रक्ताची गोठण्याची शक्ती जाणे ही तीन संकटे एकमेकांना वाढवतात, म्हणून रुग्णाला पांघरूण घालणे हाही उपचार ठरला. आणि लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट जवळजवळ सारख्या प्रमाणात, सुरुवातीपासून द्यायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६८० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत असे समप्रमाणात रक्तघटक मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने गेले, लाल पेशी दुप्पट मिळालेल्या गटात सुमारे १५ टक्के. महिन्याअखेरच्या एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. समप्रमाण म्हणजे काय? दात्याच्या अंगातून निघालेले, वेगळे न केलेले रक्तच, तुकड्यांतून पुन्हा जुळवलेले. आता अनेक देशांच्या लष्करी आणि काही नागरी सेवांमध्ये संपूर्ण रक्ताची पिशवी परत आली आहे. इराक आणि अफगाणिस्तानात साठा संपला की सोबतच्या सैनिकांचेच रक्त काढून जखमीला दिले गेले. चीनच्या डोंगरातल्या गावकऱ्यांचे दल याहून वेगळे नव्हते.

एक औषधही आले, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. धरलेली गुठळी विरघळू न देणारे हे स्वस्त औषध उताको ओकामोटो आणि त्यांचे पती या जपानी संशोधक दांपत्याने १९६०च्या दशकात शोधले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांहून अधिक रुग्णांच्या जागतिक चाचणीने, ज्यात भारतातली रुग्णालयेही होती, त्याने अपघातग्रस्तांचे मृत्यू कमी होतात हे दाखवले. अट एकच, दुखापतीपासून तीन तासांच्या आत. त्यानंतर दिले तर उलट अपाय होऊ शकतो. जपानी गोळ्यांनी जखमी झालेल्यांवर उपचार करणाऱ्या कोटणीसांना हे औषध मिळते तर किती उपयोगी पडले असते!

तीन तास हा शब्द रायगडच्या किनाऱ्यावर बसून वाचला की त्याचा अर्थ वेगळा लागतो. राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या दिघीला बंदर आहे, अवजड मालाची ने-आण आहे, खाडीत मासेमारीच्या होड्या आहेत. तिथे एखाद्याचा पाय मालाखाली चिरडला तर दोन वाटा. एक म्हसळ्यावरून घाटवळणांनी माणगावला, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर. दुसरी फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांडा, मुरूड आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत. फेरीची वेळ, पाऊस, रस्त्यावरचे ट्रक, सगळे त्या हिशेबात येते. लाल पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. त्यामुळे लहान रुग्णालयात फार तर रक्तपेशींचा थोडा साठा ठेवता येतो, प्लेटलेट ठेवणे परवडत नाही. नातेवाइकाचे रक्त काढून लगेच चढवणे हा मार्ग आता नागरी रुग्णालयाला खुला नाही, आणि तो नसावाच. एचआयव्ही आणि कावीळ यांची तपासणी न झालेले रक्त जीव वाचवून आयुष्याचे दुखणे देऊ शकते. बेथ्यून-कोटणीसांच्या काळी हे विषाणू ठाऊकच नव्हते. तेव्हा अशा गावात हाती उरते ते जखमेवर दाबणे, पट्टा बांधणे, पांघरूण घालणे, १०८ क्रमांकाला फोन करणे, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचे इंजेक्शन पहिल्या दवाखान्यातच देणे आणि पुढच्या रुग्णालयाला आधी कळवून रक्त तयार ठेवायला सांगणे. मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णासाठी रक्तपेढीने कागदांची वाट न पाहता ‘ओ’ गटाच्या पिशव्या आणि प्लाझ्मा लगेच सोडण्याची पद्धत ठरलेली असावी लागते. असे कळवणे बहुधा राहून जाते, आणि रुग्ण दारात आल्यावर पिशवीसाठी धावाधाव सुरू होते.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांना बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले. रुग्णालय म्हणजे एक इमारत नव्हे, गावोगाव शेतकऱ्यांच्या घरांत विखुरलेल्या खाटा. जपानी तुकड्या मुलूख विंचरायला निघाल्या की जखमींना उचलून डोंगरात न्यायचे, गेल्या की परत आणायचे. जोडीला वैद्यकीय शाळा होती. कोटणीस चिनी बोलायला आणि वाचायला शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. चित्रपटात यातले काही येत नाही, आणि आले असते तरी प्रेक्षक कंटाळला असता. पण ७२ तासांच्या शस्त्रक्रियेपेक्षा हे काम अधिक दूर पोचणारे होते. एका शल्यविशारदाला दोनच हात असतात. धमनी कुठे दाबायची, पट्टा किती वेळ ठेवायचा, कोणाला आधी टेबलावर घ्यायचे हे शिकलेली खेड्यातली पन्नास पोरे लढाईच्या दिवशी पन्नास ठिकाणी असतात.

त्याच शाळेत गुओ चिंगलान या परिचर्या शिकवीत. १९४१च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. परतण्याची ठरलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती.

कोटणीसांना त्या सुमारास अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अपुरे अन्न, सततची धावपळ आणि झोपेचा अभाव हे कोणत्याही अपस्मार रुग्णाला घातकच. विश्रांतीसाठी आणि उपचारासाठी सुरक्षित भागात जावे असे त्यांना सांगितले गेले. ते गेले नाहीत. ही त्यांची चूक होती असे कोणी डॉक्टर म्हणेल, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरही असेल. झटके आवरणारी आणि एकामागून एक येणारे झटके थांबवणारी जी औषधे आज तालुक्याच्या गावी मिळतात ती तिथे नव्हती. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतातल्या एका खेड्यात ते गेले. वय ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शल्यशास्त्राचे दुसरे पुस्तक अर्धे लिहून टेबलावर राहिले.

यिनहुआ पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला आणि १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्यापूर्वीच वारला. गुओ चिंगलान दीर्घायुषी झाल्या. भारतात, कोटणीस कुटुंबीयांकडे त्या अनेकदा येऊन गेल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलापुरातले कोटणीसांचे घर आता स्मारक आहे. त्यांची समाधी चीनमध्ये शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे, आणि त्याच आवारात नॉर्मन बेथ्यून यांचीही.